राखीव जागा कोणाची?



दौंडच्या एस.टी. स्थानकावर शिरूरची किंवा पुण्याची गाडी लागली की काय होते, हे आपण सारे जाणतो. खिडकीतून रुमाल, पिशव्या आत पडतात. दाराशी रेटारेटी होते. कुबड्या घेतलेला माणूस आणि कडेवर तान्हे मूल घेतलेली आई शेवटी चढतात. राखीव आसनावर एकच जागा उरली असेल, तर ती कोणाची?

असा एक वाद इंग्लंडमध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये व्हीलचेअर वापरणारे डग पॉली वेदरबीहून लीड्सला निघाले होते. बसमधील व्हीलचेअरच्या जागेत एका आईची बाबागाडी होती आणि बाळ झोपले होते. चालकाने विनंती केली. गाडी मिटत नाही, असे आईने सांगितले. पॉलींना ती बस सोडावी लागली. १८ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला: एकदा विनंती करून चालकाने गप्प बसणे पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटला, तर त्याने आणखी आग्रह धरावा, गरज पडल्यास बस थोडा वेळ थांबवावी. मात्र प्रवाशाला खाली उतरवण्याची सक्ती न्यायालयाने केली नाही.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. त्या न्यायाने ती जागा व्हीलचेअरचीच, कारण तिला बसमध्ये दुसरी जागा नसते. पण एका हातात बाळ आणि खांद्यावर पिशवी असताना आईने एकटीने बाबागाडी कशी आवरावी? इथे कायदा थांबतो आणि शेजाऱ्याचे काम सुरू होते.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आठवा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस पडून होता. प्रत्येक वेळी दुसराच आजारी त्याच्याआधी पाण्यात उतरे. परंतु प्रभू येशूने विचारले, तेव्हा त्याने पहिले दुःख सांगितले ते हे, की मला पाण्यात नेणारा कोणी माणूस नाही. दोन दुबळे एका जागेसाठी झगडतात, तेव्हा धडधाकट कुठे असतात? आपण बहुधा साध्या आसनावर बसून खिडकीबाहेर पाहत असतो.

आपल्या साध्या एस.टी.च्या उंच पायऱ्या चढून व्हीलचेअर आत नेणेच कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांतील कित्येक वरून दिसत नाहीत. म्हणून कोणी जागा मागितली, तर त्याला आपादमस्तक न्याहाळू नये. आधी उठावे.

या आठवड्यात आपण एवढे करू या. त्या आईचे बाळ क्षणभर घेऊ, कुबड्यावाल्या भावाला हात देऊ, तो चढेपर्यंत थांबायला कंडक्टरला सांगू. राखीव जागेवरून ते दोघे एकमेकांकडे पाहत असतील, तर आपली जागा सोडू. रविवारच्या मिस्सालाही बाकाच्या कडेची जागा अडवून बसू नये. आत सरकावे, म्हणजे उशिरा पोहोचलेल्या आईला आणि काठी टेकत येणाऱ्या आजोबांना सहज बसता येईल.

त्या आजाऱ्याला जो माणूस मिळाला नव्हता, तो माणूस होण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.