परक्यासाठी बसवलेला भाग

बंगळूरच्या शिवाजीनगरात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा जो बाजार आहे त्याला तेथील लोक गुजरी म्हणतात. मराठी कानाला हा शब्द अपरिचित नाही. कोल्हापुरात महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या गुजरीत सोन्याचा व्यवहार चालतो, शिवाजीनगरच्या गुजरीत लोखंडाचा. १८०९ साली इंग्रजांनी उभारलेल्या छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीत मोडीत निघालेल्या गाडीचे अवयव सुटे होतात आणि दुसऱ्या एखाद्या गाडीत नव्याने नांदू लागतात. याच वस्तीत १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट आहे, सेंट मेरीचे बॅसिलिका आहे, मशिदी आहेत आणि बाउरिंग रुग्णालयही आहे. व्यापार, प्रार्थना आणि आजारपण इतक्या निकट नांदत असताना एक प्रश्न आपोआप उभा राहतो : यंत्र माझे असले, तरी त्याचा आवाजही माझाच असतो काय?

स्वतः जुळवलेल्या मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सुटे भाग आणून घरच्या घरी गाडी उभी करण्याचा छंद प्रामुख्याने इंग्लंडात रुजला. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी आणलेली लोटस सेव्हन ही त्याची प्रसिद्ध प्रतिमा होय. सुट्या भागांच्या रूपाने विकलेल्या गाडीवर तेथे खरेदीकर लागत नसे. १९७३ मध्ये करपद्धती बदलेपर्यंत ही सवलत टिकली. भारतात अशा निर्मितीला कायद्याने फारसा वाव ठेवलेला नाही. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेतही मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही. तथापि नैतिक प्रश्न कायद्याच्या वाटेवर थांबत नाही. कारखान्यातून तयार गाडी घेणारा म्हणू शकतो की, तिचा आवाज कंपनीने ठरवला. जुळवणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याच्या गाडीत जे आहे ते त्याने निवडलेले आहे. जे नाही, तेही त्यानेच वगळलेले आहे.

अशा गाडीच्या भागांची यादी केली तर एक गोष्ट ध्यानात येते. एंजिन मालकाच्या गतीसाठी आहे, आसन त्याच्या देहासाठी, ब्रेक त्याच्या आणि इतरांच्या सुरक्षेसाठी. सायलेन्सर मात्र मुख्यतः परक्यासाठी आहे. सिलिंडरमधून स्फोटागणिक बाहेर पडणारा वायू त्याच्या पोकळीत प्रसरण पावतो. ध्वनीच्या लहरी भिंतींवर आपटून परततात आणि अंशतः एकमेकींना मारतात. दुसऱ्या प्रकारात भोके पाडलेल्या नळीभोवती काचतंतूंचे भरण असते व आवाजाची ऊर्जा त्यात उष्णता होऊन विरते. या उपकाराची किंमत मालक मोजतो : वजन वाढते, जागा जाते, क्वचित एंजिनाची थोडी शक्तीही खर्ची पडते. लाभ होतो तो रस्त्याकडेच्या खिडकीमागे झोपलेल्या माणसाला, आणि त्याला तर या त्यागाची वार्ताही नसते. उपद्रव झाला नाही म्हणून कोणी आभार मानीत नाही.

यावर पहिला आक्षेप रसिकतेचा. एंजिनाचा नाद ही एक प्रकारची कलाच आहे, असे त्याचे प्रेमी म्हणतात, आणि त्यांचा आनंद खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु मैफलीला श्रोता आपल्या पायांनी येतो. रुग्णशय्येवरच्या श्रोत्याला उठून जाता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिप्रदूषणावरील निकालात हेच सूत्र मांडले : बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे इतरांना ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. गजबजलेल्या बाजारात एका गाडीने काय बिघडते? ध्वनिमापनाचे गणित वरकरणी याच बाजूने साक्ष देते. सारख्या आवाजाची दहा यंत्रे चालू असताना अकरावे सुरू झाले, तर पातळी अर्ध्या डेसिबेलनेही वाढत नाही. मात्र हाच युक्तिवाद आधीच्या दहांपैकी प्रत्येकालाही उपलब्ध होता. कोलाहल असा कोणी एक जण निर्माण करीत नाही. आपला वाटा नगण्य आहे अशी खात्री असलेल्या अनेकांच्या बेरजेतून तो उभा राहतो. शिवाय रात्री बाजार मिटतो, आणि दिवसा गर्दीत लपलेली तीच गाडी एकटी ऐकू येते.

तर मग मौन हाच सद्गुण मानावा काय? तसेही नाही. १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. पुढे त्याच तत्त्वावर त्यांनी एंजिनांचेही सायलेन्सर बनवले. एक शांतता सावजापासून शिकाऱ्याला लपवू शकते, दुसरी शेजाऱ्याला जपते. उलट, विजेवर चालणाऱ्या गाड्या इतक्या निःशब्द निघाल्या की, अंध पादचाऱ्यांच्या रक्षणासाठी युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या प्रकारच्या अशा गाड्यांना कमी वेगात ठरावीक आवाज करण्याची सक्ती केली. म्हणजे नीती आवाजात नाही आणि शांततेतही नाही. आपल्या अस्तित्वाचा परिणाम दुसऱ्यावर काय होतो याच्या जाणिवेत ती आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सायलेन्सरकडून आवाज व्यवहारतः शक्य तितका कमी होण्याची अपेक्षा करतो. ‘शक्य तितका’ हे शब्द कायद्याचे असले, तरी त्यांचा खरा अर्थ सद्सद्विवेकच लावू शकतो. मोजमापाची मर्यादा गाठली की कायदा तृप्त होतो. शेजारधर्म त्यापुढेही विचारीत राहतो.

हा धर्म पाळणे कौशल्याचेही काम आहे. लोटस सेव्हनच्या जातीच्या गाडीत नळी बाजूने, चालकाच्या कोपराजवळून जाते. तेथे मोठा सायलेन्सर बसवायचा तर आधार विचारपूर्वक द्यावा लागतो. तापल्यावर नळी लांबते, एंजिन आपल्या जागी डुलते. म्हणून पट्टी करकचून आवळली तर सांधा तडकतो, आणि ढिली ठेवली तर नळी सांगाड्यावर आदळत राहते. मध्ये रबर घालून, भार पेलेल पण हालचालीला वाव राहील असा आधार द्यावा लागतो.

आणि काम तेथेही संपत नाही. काचतंतूंचे भरण कालांतराने जळते, झिजते, वायूबरोबर उडून जाते. आवाज इतक्या मंद गतीने वाढतो की, रोज गाडी चालवणाऱ्याच्या कानाला तो जाणवतच नाही. तो आधी जाणवतो शेजाऱ्याला. म्हणूनच आपण शांत आहोत की नाही, याचा निर्णय करणाऱ्याने स्वतःच्या कानावर सोपवू नये. तो ज्याच्यासाठी सायलेन्सर बसवला, त्याला विचारावा.