सांधणें आणि झांकणें

बिघडलेली वस्तु नीट करणें हें सद्वर्तनांत गणलें जातें, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. आम्हांसही तो कधीं वादाचा विषय वाटला नव्हता. परंतु न्हाणीघरांतल्या एका टबानें आमची ही निश्चिंतता घालविली. ती हकीकत प्रथम सांगतों.

मुंबईंत ज्या जुन्या घरांत आम्ही भाड्यानें राहत होतों, तेथें बिडाचा एक जड टब होता. एके दिवशीं आमच्या हातून पितळेचा तांब्या निसटला आणि टबाच्या तळाचा बोटाच्या पेराएवढा टवका उडाला. घर सोडावयास तेव्हां दोन महिने उरले होते.

अशा टबावरचें पांढरें इनॅमल म्हणजे साधा रंग नव्हे. ती कांच असते. कांचेची पूड सुमारें ८०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक उष्णतेंत वितळवून ती बिडावर बसविलेली असते. टवका उडाला कीं आंतील बीड उघडें पडतें व पाण्यानें गंजतें. आणि गंजास मूळ धातूहून अधिक जागा लागत असल्यामुळें तो भोंवतालचें धड इनॅमलही उचलून काढतो. तेव्हां टवका तसाच राहूं देणें म्हणजे तो वाढूं देणें होय. येथपर्यंत दुरुस्ती हें निःसंशय कर्तव्य.

आम्हीं बाजारांतून दोन नळ्यांचें इपॉक्सी आणिलें. साबणाचा थर धुऊन काढला. गंज पॉलिशपेपरनें घासला, तोही पेपर ओला करून. कारण जुन्या इनॅमलांत शिसें असूं शकतें, आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटें जाणें बरें नव्हे. तळाशीं काळसर ओरखडे दिसत होते, त्यांपैकीं बहुतेक ओरखडे नव्हतेच. भांडीं घासून त्यांची धातु कांचेवर उमटली होती, ती सौम्य पुडीनें निघाली. मग जागा खडखडीत वाळवून पातळ थर एकावर एक दिले, दिवसभर थांबलों, आणि बारीक पेपरनें कड सपाट केली.

सर्वांत अधिक वेळ गेला तो रंगांत. नळींतला पांढरा आणि त्या वृद्ध टबाचा पांढरा यांत दुधाचें आणि सायीचें अंतर होतें. किंचित् पिवळा मिसळून, पुनःपुन्हां ताडून पाहून, अखेर तो असा जुळला कीं टवका कोठें होता तें आम्हांसच बोटानें चांचपावें लागलें.

आतां प्रश्न असा कीं, गंज तर कोणत्याही रंगानें थांबला असता. मग रंग जुळविण्याचे ते चार तास आम्हीं कोणासाठीं वेंचले? डोळ्यांच्या सुखासाठीं, असें आम्हीं स्वतःस सांगितलें. पुढें मालकीणबाई घर पाहावयास आल्या व म्हणाल्या, "टब छान राखलात हो!" आम्ही हंसलों आणि गप्प राहिलों. त्या गप्प राहण्यानें खरें उत्तर दिलें.

तांब्याच्या भांड्यास कल्हई लावतात. ती झिजते, पुन्हां लावतात, आणि कोणी लपवीत नाहीं. जपानांत फुटलेला पेला लाखेनें सांधून त्या भेगेवर सोन्याची पूड चढविण्याची रीत आहे. परंतु प्रत्येक सांध्यानें असें उजळून दिसलेंच पाहिजे, असें म्हणणेंही हट्टाचेंच. आम्हांस अधिक पटतो तो इटलींतील चेझारे ब्रांडी यांचा नियम. जुन्या चित्रांच्या जीर्णोद्धाराविषयीं १९६३ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सांगितलें कीं, भरून काढलेला भाग दुरून चित्राशीं एकरूप व्हावा, पण जवळ जातां ओळखूं यावा. म्हणजे सौंदर्यासाठीं सत्याचा बळी नको, आणि सत्यासाठीं सौंदर्याचाही नको.

यावर कोणी म्हणेल, "काम उत्तम झालें, आतां सांगून काय साधणार? आपलें मन हलकें करणें हाही एक स्वार्थच." आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण सांधलेली जागा मूळच्यासारखी दिसली तरी मूळच्यासारखी नसते. इपॉक्सी भट्टींतून निघालेली कांच नव्हे. खरखरीत पूड, कढत पाणी, तीव्र द्रावण हीं इनॅमल एकवेळ सोसेल. तें सोसणार नाहीं. ज्यास ठाऊक नाहीं तो निःशंकपणें घासील, लेपाची कड सुटेल, आणि त्याखालीं कोणास न दिसतां पुन्हां गंज धरेल. म्हणून सांगणें हें दुरुस्तीनंतरचें शिष्टाचाराचें काम नव्हे. तो दुरुस्तीचाच शेवटचा थर आहे. तो न देणाऱ्यानें वस्तु सांधली नाहीं, केवळ झांकली.

माणसामाणसांतल्या भेगांसही हें लागू पडतें असें आम्हांस वाटतें. जेथें एकदां दुखावलें तेथें जपून हात लावावा लागतो. आणि कोठें जपावें हें दोघांसही ठाऊक असावें लागतें.

किल्ल्या परत करावयाच्या दिवशीं आम्हीं मालकीणबाईंस टबाची ती जागा दाखविली आणि सर्व सांगितलें. त्यांनीं बोट फिरवून पाहिलें. "काम चांगलें केलंत," त्या म्हणाल्या, "नव्या भाडेकरूंना सांगून ठेवतें. पण मीं छान म्हटलें, तेव्हांच कां नाहीं बोललात?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अद्यापि नाहीं.