हाताखालून गेलं तेवढंच

चेन्नईच्या वेशीवर आवडी आहे. तिथल्या सीव्हीआरडीई या संस्थेत अर्जुन रणगाडा घडला. ही संस्था नगरच्या वाहन संशोधन संस्थेतूनच पुढे वेगळी झाली, त्यामुळे आवडीत नगरची काही बिऱ्हाडंही आली. त्यांतलंच एक मामांचं. त्यांनी नोकरीची सारी वर्षं अर्जुनाच्या सस्पेन्शनवर घातली होती.

त्यांचा भाचा पुण्याहून मेकॅनिकल इंजिनीअर होऊन चेन्नईच्या एका कारखान्यात लागला. रविवारी तो जेवायला आवडीला येई. त्याला रणगाड्यांचं वेड होतं आणि मत ठाम होतं. "अर्जुन फसला, मामा. मंजुरी १९७४ ची आणि लष्कराला पहिली तुकडी मिळाली २००४ ला. साडेअठ्ठावन्न टनांचं धूड! रशियाचा टी-९० तेच काम शेहेचाळीस टनांत करतो." मामा ऐकून घेत.

मार्च २०१० मध्ये राजस्थानच्या वाळवंटात दोन्ही रणगाड्यांची तुलनात्मक चाचणी झाली. अर्जुन सरस ठरल्याच्या बातम्या आल्या आणि मे महिन्यात आणखी १२४ अर्जुन घेण्याचं जाहीर झालं. भाच्याचं मत पार फिरलं, ठामपणा मात्र तसूभरही हलला नाही. "टी-९० भंगारात काढा आता," तो एका रविवारी म्हणाला.

त्या रविवारी शेजारचे निवृत्त रिसालदारही आले होते. ते तमिळ, पण नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात शिकलेले, त्यामुळे मराठी समजणारे. त्यांनी अर्जुन चालवला होता.

मामांनी विचारलं, "वजन जास्त असलं की नेमकं काय बिघडतं रे?"

"रणगाडा वाळूत रुततो."

"रुतणं नुसत्या वजनावर नसतं. पट्ट्याच्या दर चौरस सेंटिमीटरला किती भार येतो, ते बघावं लागतं. अर्जुनाचे पट्टे रुंद आहेत, म्हणून वाळूत तो चालतो. पंजाबातल्या कालव्यावरच्या पुलाला मात्र रुंद पट्ट्याचं काय? त्याला सगळं धूड पेलायचं असतं. रेल्वेच्या वाघिणीचंही तेच. कुठे लढायचं ते आधी ठरव, मग भारी चांगला की हलका ते बोल."

भाचा जरा थबकला. मग म्हणाला, "बरं, तोफेचं सांगा. जगातले बहुतेक जण गुळगुळीत नळीकडे वळले, आपण १२० मिलिमीटरची आटे पाडलेली नळी धरून बसलो. बरोबर कोण?"

"ते मला विचारू नकोस. तोफेचं काम पुण्याच्या एआरडीई या संस्थेनं केलं. ती माणसं सांगतील."

"इतकी वर्षं याच रणगाड्यावर काढलीत आणि तुम्हाला मत नाही?"

"मत आहे, पण ते ऐकीव आहे. मी बोललो तर माझ्या हुद्द्याकडे बघून लोक त्याला जाणकाराचं मत समजतील. म्हणून बोलत नाही."

तेव्हा रिसालदार हळूच म्हणाले, "साहेब, सस्पेन्शन तर तुमचंच. एक सांगू? दुपारभर पळवला की गाडा किंचित उचलल्यासारखा वाटायचा."

मामा लगेच उठले आणि वही घेऊन आले. "किती वेळ पळवल्यावर? ऊन किती होतं? पुढची बाजू उचलायची की मागची?" रिसालदार आठवून सांगत होते. जे आठवेना, तिथे "नाही आठवत" म्हणत होते. मामा तेही लिहून घेत होते.

भाच्याला राहवेना. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"सस्पेन्शनमधला वायू तापला की दाब वाढतो, हे ठाऊक आहे. चाचणीत मोजलंयही. पण आत बसून अख्खी दुपार काढणाऱ्याला ते कसं जाणवतं, हे मला कुठून कळणार? मी सुटा भाग बनवला. जीव यांनी त्याच्यावर सोपवला."

त्यानंतर भाच्याने रिसालदारांना बरंच विचारलं. मत मात्र एकही दिलं नाही.

१४ फेब्रुवारी २०२१ ला चेन्नईत पंतप्रधानांनी सुधारित अर्जुन लष्कराकडे सोपवला. भाचा आता कारखान्यात वरिष्ठ झाला होता. हाताखालच्या मुलांनी विचारलं, "सर, शेवटी अर्जुन चांगला की वाईट?"

"मी गिअर बनवतो," तो म्हणाला. "गिअरचं काहीही विचारा, जबाबदारीनं सांगेन. रणगाड्याचं मी फक्त वाचलंय. चालवलेल्या माणसाशी तुमची गाठ घालून देतो."

तात्पर्य : अनुभवाची खरी कमाई म्हणजे आपल्या ज्ञानाची हद्द ओळखता येणं. जो ती हद्द उघड सांगतो, त्याच्या हद्दीतल्या शब्दावर निर्धास्त विसंबावं. आणि जिथे चुकीच्या मताची किंमत सैनिकाला जिवानं मोजावी लागते, तिथे ऐकीव गोष्ट जाणकाराच्या थाटात सांगणं हा अपराधच आहे.