वैलावरची डाळ

मातीची चूल घालणारी बाई आधी मोठं तोंड घालते आणि त्याच्या अंगालाच एक लहान तोंड ठेवते. त्याला वैल म्हणतात. जाळ घालायचा तो मोठ्या तोंडात. वैलाच्या वाट्याला स्वतंत्र लाकूड येत नाही. तवा तापवून पुढे सरकलेली आच आतल्या वाटेने वैलापर्यंत पोचते, आणि भाकरी होईपर्यंत तिथल्या भांड्यात डाळ शिजत राहते. डाळ उतरली की पाण्याचं पातेलं चढतं. मात्र हा वैल मागाहून जोडता येत नाही, माती ओली असतानाच ठेवावा लागतो. चूल पहिल्यांदा पेटायच्या आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं की या आगीवर दुसऱ्याही भांड्याचा हक्क आहे.

उद्योगांत वाया जाणाऱ्या उष्णतेचा विषय निघाला की चर्चा लगेच पैशांवर येते: कोळसा किती वाचला, खर्च किती वर्षांत फिटला. हे हिशेब हवेतच. पण त्यांच्या खाली एक जुना प्रश्न आहे आणि तो धर्माचा आहे. उरलेलं म्हणजे काय, आणि ते कुणाचं?

मराठीत उरलेल्या अन्नाला एकच शब्द नाही. ताटात टाकलेला भात उष्टा. तोच भात नैवेद्याच्या ताटातून आला तर प्रसाद. शितं तीच, पातेलंही तेच, तरी एकाला हात लावायला मन कचरतं आणि दुसऱ्यासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहतात. महाभारताच्या शांतिपर्वात अर्जुन युधिष्ठिराला याच भेदावरची गोष्ट सांगतो. मिसरूडही न फुटलेले काही तरुण घरदार सोडून अरण्यात जातात. इंद्र सोन्याच्या पक्ष्याचं रूप घेऊन त्यांच्यापुढे येतो आणि विघस खाणाऱ्यांची थोरवी गातो. विघस म्हणजे उरलेलं अन्न. तरुणांना वाटतं, पक्षी आपलीच स्तुती करतोय. पक्षी त्यांना तिथेच अडवतो: तुम्ही खाता ते उच्छिष्ट. देव, पितर, अतिथी आणि घरची माणसं जेवल्यावर मागे राहिलेलं जो खातो, तो विघस खाणारा.

म्हणजे भेद अन्नात नाही, आधीच्या पंगतीत आहे. गीतेच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात यज्ञशेषाचा एवढा मान आहे तोही याच कारणाने. ज्या अग्नीभोवती इतरांची पानं आधी मांडली गेली, त्याचं उरलेलं पवित्र. ज्याभोवती कुणाचा विचारच झाला नाही, त्याचं उरलेलं उष्टं. धुराड्यातून जाणारी आच यांपैकी कशात मोडते?

वैल कारखान्यात कसा गेला, याचा इतिहास ऊसवाल्या महाराष्ट्राने जरूर जाणून घ्यावा असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या लुइझियानात साखर उघड्या कढयांच्या रांगेत शिजायची. गुलाम माणसं लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतायची. भाजणं हा रोजचाच भाग. आणि रसातून उठणारी वाफ, जिच्यासाठी एवढं लाकूड जळायचं, ती सरळ आभाळात. १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, पॅरिसला शिकलेला नॉर्बर्ट रिल्यू याने तिला वाट करून दिली. त्याची आई कृष्णवर्णीय समाजातली, वडील गोरे. त्याने बंद भांडी एकामागे एक मांडली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला आच देते. दुसऱ्यात हवेचा दाब कमी केलेला असतो, म्हणून तिथला रस कमी तापमानालाच उकळतो आणि त्याची वाफ तिसऱ्याकडे जाते. १८४० च्या दशकात त्याला या रचनेची पेटंटं मिळाली.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखर कारखान्यात गेलं तर ही पंगत दिसते. कामगार त्या उंच भांड्यांना ‘बॉडी’ म्हणतात. पहिल्या बॉडीला मिळणारी वाफसुद्धा ताजी नसते. टर्बाइन फिरवून दमलेली असते. तिच्यावर पहिला रस उकळतो, आणि शेवटच्या बॉडीत निर्वात दाबाखाली त्याला साठ अंशांच्या आसपासच उकळ्या फुटत असतात. चार बॉडींच्या रांगेत एक किलो वाफ जवळपास चार किलो पाणी उडवते. काचेच्या झरोक्यातून पाहिलं तर गडद रस उसळताना दिसतो, आणि लक्षात येतं की त्याच्या बुडाशी आग नाहीच. आहे ती शेजाऱ्याची वाफ.

इथे उरलेलं असं काही राहतच नाही, कारण पुढचं पान आधीच मांडलेलं असतं.

पुढचं पान आधीच मांडून ठेवायची ही घाई का, याचं उत्तर सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दिलं. उष्णतेची तुलना त्याने धबधब्याशी केली: ती उंचावरून, म्हणजे जास्त तापमानाकडून कमीकडे उतरते, तेव्हाच काम करते. पुढे १८६५ मध्ये क्लाउझियसने एन्ट्रॉपी हा शब्द घडवला आणि एक कठोर गोष्ट पक्की झाली. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची योग्यता मात्र उतरत जाते. सिमेंटच्या भट्टीत १४५० अंशांच्या आसपास क्लिंकर होतो. येणारा कच्चा माल तापवूनही वायू तीनशेच्या वरच्या अंशांवर बाहेर पडतात, आणि त्यांच्यावर वाफ करून वीज काढता येते. तोच धूर एकदा हवेत मिसळला की जगातलं कुठलंही यंत्र त्याला माघारी बोलावू शकत नाही. शेष घ्यायचा तो त्या क्षणीच. प्रसादाला निदान शिळं होण्याची सवड असते, उष्णतेला तीही नाही.

पण सगळंच ओरबाडून घ्यावं, असंही नाही. चुलीला नि गुऱ्हाळाच्या चुलवणाला धूर वर ओढून नेणारी ओढ लागते, आणि ती धुराच्या उष्णतेनेच निर्माण होते. धूर फार निववला तर जाळ गुदमरतो. कोळशाचा धूर एका मर्यादेखाली थंड केला तर त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन ते लोखंड खातं. धुराड्याचा म्हणून एक वाटा असतोच. अपरिग्रहाची याहून ठोस शिकवण सापडणं कठीण.

आणि मग हक्काचा प्रश्न येतो, जो या सगळ्यात सर्वांत बोचरा आहे. एके काळी साखर कारखान्यांत उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, मुद्दाम सढळ हाताने जाळत. त्याची विल्हेवाट लागली की झालं. पुढे जास्त दाबाचे बॉयलर आले, त्याच बगॅसवर कारखाना चालून वर वीज विकता येऊ लागली. कचरा होता तोवर त्यावर कुणीच हक्क सांगत नव्हतं. किंमत आली तसं ऊस उत्पादकाने विचारलं, चिपाड कुणाच्या उसाचं? २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, अशी शिफारस केली. ताळेबंदात उपपदार्थांचा हिशेब नीट दिसावा ही मागणी अजून थांबलेली नाही. सोन्याच्या पक्ष्याच्या कसोटीवर ही मागणी पूर्ण धार्मिक आहे. ज्याने अन्न पिकवलं त्याचं पान आधी मांडल्याशिवाय कारखान्याने बगॅसच्या विजेला शेष म्हणणं खोटं ठरतं.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केलेला, राहाता तालुक्यात आहे. शिर्डीही त्याच तालुक्यातली, आणि तिथे शेषाला वेगळाच मान आहे.

शिर्डीत साईबाबा घरोघर भिक्षा मागत. दाभोलकरांच्या साईसच्चरितात वर्णन आहे की मिळेल ते सगळं एका कुंडीत एकत्र व्हायचं आणि कुत्री, मांजरं, कावळे त्यातून खायचे. द्वारकामाईतली धुनी अजून जळते आणि तिची राख उदी म्हणून भक्तांच्या हाती पडते. आगीचा शेवटचा शेष कपाळाला लावायचा, हा संस्कार त्या गावात मुरलेला आहे. तिथल्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून उन्हाची आच गोळा करणाऱ्या, आरशांच्या ७३ तबकड्या आहेत.

तबकडीची रचना वोल्फगांग शेफलर यांची. १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशनमध्ये त्यांनी पहिली नीट चालणारी तबकडी उभी केली आणि तंत्र सर्वांना खुलं ठेवलं. तबकडी पृथ्वीच्या आसाला समांतर असलेल्या दांड्यावर तासाला १५ अंश फिरते, म्हणून सूर्य सरकला तरी किरणांचा झोत एकाच जागी पडत राहतो. तिथे पाण्याची वाफ होते आणि नळाने खाली भाताच्या, वरणाच्या मोठ्या भांड्यांकडे जाते. अबूच्या ब्रह्माकुमारींकडे अशा ८४ तबकड्या आहेत, तिरुमलाला १०६ बसवल्या गेल्या.

एवढ्या कशाला? कारण ऊन विरळ असतं. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट. घरातल्या दोन किलोवॉटच्या गीझरएवढी उष्णता मिळवायला दोन चौरस मीटर भर दुपार लागते. ही माधुकरी आहे. एका घरी पोट भरत नाही, पुष्कळ दारी झोळी पसरावी लागते, आणि दाता आपल्या वेळेलाच दार उघडतो. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची एकच मोठी तबकडी दूध पाश्चराइज करण्यासाठी उभारली गेली, तेव्हा ही झोळी कारखान्याच्या दारात पोचली. दुधाला बहात्तर अंश पुरतात. त्यासाठी हजार अंशांच्या वरची ज्योत पेटवणं म्हणजे धबधब्याच्या माथ्यावरून पाणी आणून तळाशी पाय धुणं.

आषाढात शिर्डीवर ढग दाटतात. छतावरच्या तबकड्या ओल्या, करड्या दिसतात आणि खाली गॅसवरचा बॉयलर वाफ धरतो. पंगत वेळेवर बसते. कोपऱ्यातल्या भांड्यात त्याच नळाने वाफ येते, झाकण थरथरतं, आणि वाढपी वरणाची बादली उचलून पहिल्या पानाकडे निघतो.