जुना कार्ब्युरेटर दुरुस्त करावा का?

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या, म्हणजे ती फारशी दुर्मिळ वस्तू नव्हे. तिच्या १७९८ सीसीच्या इंजिनाला सुरुवातीच्या वर्षांत एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असत. अशी गाडी आज ज्याच्या घरी आहे त्याच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतो. झिजलेले मूळ कार्ब्युरेटर खोलून, दुरुस्त करून पुन्हा बसवावेत, की काढून टाकून नवे लावावेत? वरवर पाहता हा पैशाचा आणि सोयीचा हिशेब आहे. पण तेवढ्याने तो सुटत नाही, कारण जुन्या वस्तूचे आपण काय देणे लागतो हा प्रश्न त्यात दडलेला असतो.

झीज कशी होते ते आधी पाहू. इंजिन हवा ओढू लागले की एसयू कार्ब्युरेटरमधला दट्ट्या वर उचलला जातो. त्याच्या तळाशी असलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि वाढलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल येते. इंजिनाला कोणत्या क्षणी किती पेट्रोल लागेल, याचा सगळा हिशेब त्या सुईच्या उतारात आधीच मांडून ठेवलेला असतो. काही वर्षांनी सुई जेटला घासू लागते आणि भोक लंबगोल होते. थ्रॉटलची दांडी ज्या भोकांत फिरते तीही सैल होतात आणि फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. मग आयडलिंगला इंजिन अडखळते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी ते टिकत नाही.

मालकापुढे तीन वाटा असतात. भोके मोठी करून त्यांत बुश बसवायचे आणि दांडी, सुई, जेट नवे घालायचे, ही एक. त्याच रचनेचे नवे एसयू विकत घ्यायचे, ही दुसरी. इंग्लंडमधल्या सॉल्सबरी इथे ते अजून बनतात. आणि दोन्ही काढून एकच वेबर कार्ब्युरेटर लावायचा, ही तिसरी. अमेरिकेतल्या अनेक मालकांनी ती धरली.

‘मूळ ते मूळच’ असे म्हणणाऱ्याला मिलिंदपञ्हातला रथ आठवून द्यावासा वाटतो. नागसेन राजाला विचारतो, दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव उरते. कार्ब्युरेटरला हे चपखल लागू पडते. सुई आणि जेट बदलण्यासाठीच बनवलेले असतात. एखाद्या १९६५च्या गाडीतली पहिली सुई कधीच गेलेली असण्याची शक्यता मोठी.

पण मग सगळे नावापुरतेच म्हणून काहीही चालेल, असेही होत नाही. एसयूचा दट्ट्या आणि त्यावरची टोपी ही जोडी एकमेकांशी जुळवलेली असते. एका कार्ब्युरेटरचा दट्ट्या दुसऱ्याच्या टोपीत घालू नये, असे मेकॅनिकला पहिल्यांदा शिकवतात. ही जोडी इतकी वर्षे एकत्र राहिली, हे काही दुकानात मिळत नाही.

जॉन रस्किनने १८४९ साली जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराला खोटेपणा म्हटले होते. १९६४च्या व्हेनिस सनदेने अधिक मवाळ मर्यादा घातली: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद हाच विचार वाहनांना लावते. चकचकीत पॉलिश केलेले कार्ब्युरेटर पाहिले की रस्किनचे म्हणणे पटते. कारखान्यातून बाहेर पडताना ते तसे नव्हते. ती झळाळी खोट्या आठवणीसारखी आहे.

मात्र इमारत उभी असते आणि गाडी धावते, हा फरक रस्किनच्या युक्तिवादात बसत नाही. एमजीबीच्या इंजिनात हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची तोंडे एकाच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळच, वरच्या अंगाला असतात आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असतो. फ्लोटचा व्हॉल्व्ह अडकला की पेट्रोल बाहेर सांडते. प्रदर्शनातल्या गाडीला जीर्ण राहण्याचा मान द्यावा. रस्त्यावरच्या गाडीची जीर्णता शेजारी बसलेल्याच्या आणि समोरून येणाऱ्याच्याही जिवाशी निगडित असते. तिथे ‘हात न लावणे’ हाही एक निर्णयच ठरतो आणि त्याची जबाबदारी मालकावर येते.

शिवाय ज्या पेट्रोलसाठी हे कार्ब्युरेटर बनले तेही आता बदलले आहे. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात तर प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी सीलना ते सोसत नाही. भोवतालचे जग बदलत राहते, आणि सगळे जसेच्या तसे ठेवायचे म्हटले तरी जुनी वस्तू तशी राहत नाही.

म्हणून ‘दुरुस्त होईल का’ याआधी ‘पुढे निगा कोण राखणार’ हे विचारायला हवे. एसयूचे मिश्रण तपासायची एक साधी रीत आहे. इंजिन चालू असताना दट्ट्या किंचित उचलायचा आणि कान द्यायचा. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडू लागले तर कमी. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर ठीक. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे तोंडाशी नळी धरून ऐकता येते. दट्ट्यावरच्या तेलाची पातळीही अधूनमधून पाहावी लागते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हे काम यंत्रणा स्वतः करते. मूळ कार्ब्युरेटर परत बसवणारा माणूस एका अर्थी वचन देतो, की तो ऐकत राहील. ते पाळता येणार नसेल, गाडी वर्षातून दोनदाच निघणार असेल, तर दुरुस्त केलेले जेट पुन्हा चिकट पेट्रोलने बुजणार.

आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरमध्ये एमजीबीच्याच बी-सीरिज कुळातले १४८९ सीसीचे इंजिन दीर्घकाळ होते. तिचे कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या बहुतेकांच्या मनात वारसा वगैरे नव्हता. उद्या गाडी धंद्यावर काढायची होती. पण ती निगाच होती, आणि जुन्याचा मान त्यात आपोआप राखला जात होता.

माझे मत असे. कास्टिंग तडकलेले नसेल, गाडी चालवायची असेल आणि ऐकणारा कान असेल, तर मूळ कार्ब्युरेटर दुरुस्त करावेत. त्यासाठी भोके मोठी करताना थोडा मूळ धातू कायमचा जातो, हे मान्य करूनच करावेत. चालते ठेवण्याची ती किंमत आहे. यातले काही जमत नसेल तर नवे बसवावेत, त्यात कमीपणा नाही. मात्र जुनी जोडी भंगारात न देता गुंडाळून गाडीसोबत ठेवावी, काय बदलले आणि कधी बदलले ते वहीत लिहावे, आणि गाडी विकताना ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यावी. बॉनेट उघडून वेगळा निर्णय घ्यायची मोकळीक त्यालाही असली पाहिजे.