वंशाचें ऋण

परंड्याच्या किल्ल्यांत फिरतांना आम्हांस निजामशाहीची आठवण होते. १६०० सालीं अहमदनगर मोगलांनीं घेतल्यावर कांहीं काळ हीच त्या राज्याची राजधानी होती. त्या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला. तो कैदेंत सांपडून मुसलमान झाला, असें फेरिस्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. राजघराण्यास आपलें मूळ लपवावें लागलें नाहीं. सिंहासनास जाब कोण विचारणार?

पण याच घराण्यांतील बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यास ती मोकळीक नव्हती. त्याचे आईबाप स्पेनमधून निघालेले यहुदी. १४९७ सालीं पोर्तुगालांत यहुद्यांवर सक्तीचा बाप्तिस्मा लादण्यांत आला. गार्सिया ख्रिस्ती म्हणून वाढला, १५३४ सालीं गोव्यास आला, १५६३ सालीं हिंदुस्थानांतील औषधींवरील आपला ग्रंथ त्यानें तेथेंच छापविला, व १५६८ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशननें जाळविलें. १५८० सालीं त्याचींही हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं.

ही गोष्ट केवळ जुनी नव्हे. २०१५ सालीं स्पेन व पोर्तुगाल यांनीं हांकलून दिलेल्या यहुद्यांच्या वंशजांस नागरिकत्व देऊं केलें. आतां समजा, एखाद्या श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थास जुन्या दप्तरांतून आपलें असें कूळ कळलें, तर त्यानें कोणत्या प्रार्थनामंदिराची पायरी चढावी ?

कित्येक म्हणतील, रक्ताचा धर्म तोच खरा. परंतु बाप्तिस्मा होऊनही रक्त यहुदीच राहतें, हा संशय तर इन्क्विझिशनचाच होता ! केवळ रक्तासाठीं परतणारा नकळत पूर्वजांच्या छळकांचेंच म्हणणें मान्य करितो. दुसरे म्हणतील, झालें गेलें विसरावें. पण विसरणें म्हणजे जें काम अग्नीस साधलें नाहीं तें आपल्या हातानें पुरें करणें होय.

आपल्या दक्षिणेंतही भयानें वा लोभानें देव बदललेलीं कुळें आहेतच. तेव्हां हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. आम्हांस असें वाटतें कीं, आईनें शिकविलेली प्रार्थना खोटी ठरत नाहीं, आणि पणजीनें दार लावून ओठांतल्या ओठांत म्हटलेलीही खोटी ठरत नाहीं. यांतली कोणती म्हणावी हें ज्याच्या त्याच्या अंतःकरणानें ठरवावें, वंशावळीनें नव्हे. मात्र मुलांस कुळाची खरी हकीकत सांगणें हें कर्तव्य दोन्हीं वाटांवर सारखेंच आहे. पूर्वज भयानें गप्प राहिले. त्यांस दोष देववत नाहीं. भय नसतां आपण गप्प राहिलों, तर तो दोष आपलाच होय.