हातभर पाणी

प्रयाग चिखलीचा संगम मागे टाकला की पंचगंगा वळणं घेत घेत नृसिंहवाडीकडं निघते. अशाच एका वळणाच्या पोटात एका शेतकऱ्याची मळी होती. सखल रान. तिथं ऊस लावला तर पावसाळ्यात कुजला असता, म्हणून म्हाताऱ्यानं कधी लावलाच नाही. उन्हाळ्यात वैरण आणि पूर ओसरल्यावर त्या ताज्या गाळात हरभरा, एवढंच. पूर चढला की नदी वळणाचा लांबचा फेरा सोडायची आणि या मळीतून आडवी निघून जायची. गावात कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागत नसे.

"ही जमीन आठ म्हैनं आपली, चार म्हैनं नदीची," म्हातारा म्हणायचा. सातबाऱ्यावर मात्र नाव त्याचं एकट्याचंच होतं.

म्हातारा गेला, वाटण्या झाल्या आणि मळी धाकट्याच्या वाट्याला आली. धाकटा वाईट नव्हता. कष्टाळू होता, अंगावर कर्ज होतं आणि शहर हळूहळू गावाकडं सरकत आलेलं होतं. त्यानं मळीत मुरूम ओतायला सुरुवात केली. चारशे डंपर पडले. त्या भरावावर मंगल कार्यालय उभं राहिलं आणि तिथून गावापर्यंत उंच रस्ता झाला. ती जागा निळ्या पूररेषेच्या आत होती. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती ही रेषा. पण ती नकाशात होती, आणि रानात उभं राहिलं की नकाशा दिसत नाही.

रस्त्याखालून पाणी जायला त्यानं दोन सिमेंटचे नळ टाकले. थोरला बघायला आला.

"नळ कसलं घालतोस? मोरी ठेव. उसानं भरलेली बैलगाडी जाईल एवढी."

"दादा, पाणी येतंय धा वर्सातनं एकदा. त्यासाठी एवढा पैसा कुठनं आणू?"

थोरला गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा हिशेब तो पुढं बरेच दिवस मांडत राहिला.

ऑगस्ट २०१९. घाटमाथ्यावर पाऊस थांबेना. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. गावात काठाकडच्या गल्ल्यांत पाणी शिरलं तेव्हा पोरांनी गुऱ्हाळाच्या काहिली ओढून आणल्या आणि त्यांत बसवून म्हातारीकोतारी बाहेर काढली. मंगल कार्यालय उंचावर होतं, कोरडं होतं. धाकट्यानं कुलूप काढलं, स्वतःच्या पदरचे तांदूळ, डाळ काढली. लग्नाच्या सतरंज्यांवर दीडशे माणसं झोपली.

कुंभार गल्लीतली आक्का सगळ्यांत शेवटी आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "तू हुतास म्हणून वाचलो बाबा. माझ्या सासऱ्यापासनं घरात पाणी आलं न्हवतं. दोन हजार पाचच्या पुरातबी न्हाई."

तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस जरा उघडला. धाकटा बॅटरी घेऊन रस्त्यावर गेला. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये त्याचा रस्ता. गावाकडच्या बाजूला पाणी रस्त्याच्या कडेला टेकलेलं होतं, बसून बोटं बुडवता येत होती. तो वळला आणि दुसऱ्या बाजूला बसला. तिथं पाणी बोटांना लागेना. त्यानं दंड कडेला टेकवून हात सोडला, कोपर खाली गेलं, मग मनगट, आणि तेव्हा कुठं गार लागलं. नळांच्या तोंडाशी उसाचा पाला, जनावरांचा कडबा, प्लॅस्टिक आणि एक मोडकं दार घट्ट बसलं होतं. वरच्या अंगाला पाणी गोल गोल फिरत होतं. त्याला जायला वाट नव्हती.

आपल्याकडं पूर आला की पहिलं बोट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं जातं. त्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अतिवृष्टीसोबत नदीपात्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. पाऊस अफाट होता, हे खरंच. तो कुणाच्या हातात नव्हता. पण वरच्या अंगाला जमलेलं ते जादा पाणी पावसाचं नव्हतं.

पाणी उतरलं. आक्काच्या घराची मागची भिंत बसली होती. पांढऱ्या मातीची भिंत, पायथा भिजला की ती वरपर्यंत उभी राहत नाही. उरलेल्या भिंतीवर गाळाची रेघ होती. आक्का उंबऱ्याशी बसली, आणि कुणी न विचारता तिनं कोपर जमिनीला टेकवून बोटं वर केली. रेघ बोटांच्या टोकाला लागली.

"एवढंच आलं हुतं बघ," ती म्हणाली. "हातभर."

धाकटा तिथंच बसला. मग त्यानं थोरल्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर डंपरवाल्याला फोन लावला.

"मुरूम पायजे का?" तिकडून विचारलं.

"न्यायचाय. रस्त्याखालनं वाट मोकळी करायची हाय."

दिवाळीनंतर नळ निघाले. भरलेली बैलगाडी जाईल एवढी मोरी झाली, कर्जात कर्ज वाढलं. आक्काची भिंत दोघा भावांनी बांधून दिली. धाकट्यानं का बांधली ते त्यानं तिला सांगितलं. ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा तशीच चढली. रात्री दोघं भाऊ बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे होते. खाली मोरीतून पाणी घों घों करत सुटलं होतं. धाकटा एका कडेला बसला, थोरला दुसऱ्या कडेला, आणि दोघांनी एकदमच हात खाली सोडले.

"लागलं?"

"लागलं. तुला?"

"मलाबी."

मग ते उठले आणि आक्काची भांडी वर हलवायला गल्लीकडं निघाले.